पत्र्यांवरची शेळी

नातीनं केलेला गेम चांगला की वाईट हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मागून घेतलं नव्हतं. मला मोबाइलवर आलेला फोन घेता येतो आणि कापता येतो, तेवढं मला पुरतं. शाळा चौथीपर्यंत. पण घरात बाप-लेकीचं वाजलं, आणि दोघांनाही तिसरं माणूस पाहिजे होतं. सून म्हणाली, मला मध्ये घेऊ नका. मग राहिले मी.

नात हिंजवडीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत होती. ते सोडून ती घरी बसली, कारण तिला स्वतःचा गेम करायचा होता. बसली म्हणजे खरंच बसली. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या फटीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हं तापायला लागली, तरी ती तिथंच. मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्यानं तिथल्या ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकला. ते म्हणाले, एक तारखेपासून येऊ दे. नात म्हणाली, मला पावसाळा संपेपर्यंत वेळ द्या. मुलगा म्हणाला, आहे तसा विक नाहीतर बंद कर, आतबाहेर लोंबकळत राहू नकोस.

आठवडाभर ताटं आपटली गेली. शेवटी मुलगाच म्हणाला, "आई खेळून बघेल. ती चांगला म्हणाली तर मी कंपनीला नाही म्हणून कळवतो. ती नाही म्हणाली तर एक तारखेला बसमध्ये बसायचं."

नात लगेच हो म्हणाली. तिला वाटलं, आजी आपलीच आहे. मुलगा तयार झाला तो वेगळ्या कारणानं. कुणाला बरं वाटावं म्हणून मी कधी चांगलं म्हटलेलं नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या लग्नात व्याह्यांनी जेवण कसं झालंय म्हणून विचारलं, तेव्हा मी भात कच्चा आहे असं सांगितलं होतं. भात कच्चाच होता. ती गोष्ट सुनेच्या माहेरी अजून सांगतात.

माझा तो काळ तसाही बेचैनीचा होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टरनं जिना बंद केलेला. जन्मभर हाताला काम असलेल्या माणसाला खुर्चीत बसवलं की ते खुर्चीलाच त्रास देतं. मेथी निवडून व्हायची. कपड्यांच्या घड्या व्हायच्या. मग गॅलरीत जायचं, खालची रिक्षा, भंगारवाला, शेजारच्या गॅरेजातला पठाण आणि त्याच्यापुढं उघडी पडलेली मोटरसायकल बघायची, परत आत यायचं, पाणी प्यायचं, परत गॅलरी. सून म्हणायची, आत्याबाई, तुमच्या चपलांना चाकं बसवून घेऊ या.

तर अशा अवस्थेत नातीनं माझ्यापुढं लॅपटॉप ठेवला.

पहिल्यांदा मला वाटलं तो बिघडलाय. सगळी चित्रं चौकोनी ठिपक्यांची. जवळून बघितलं की नुसते ठोकळे, लांबून बघितलं की घरांचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि त्या सगळ्यात एक पांढरी शेळी. डोळ्याच्या जागी एकच काळा ठिपका. मी म्हटलं, शेळीला तोंड न्हाई. नात म्हणाली, पूर्वीचे गेम असेच दिसायचे, लोकांना ते आवडतं. आणि शिवाय चित्रकाराला द्यायला तिच्याकडे पैसे नव्हते, सगळी चित्रं तिनंच काढली.

"एक कारण सांग," मी म्हटलं. "दोन सांगितलीस की दोन्ही खोटी वाटतात."

तिनं ओढणीनं लॅपटॉपचा पडदा पुसला. मग म्हणाली, "पैसे नव्हते."

हे मला पटलं. पैसे नसताना केलेल्या वस्तूला मी नावं ठेवत नाही. पैसे नव्हते हे लपवलं तर मात्र ठेवते.

खेळ साधा होता. शेळी वस्तीतल्या सगळ्यात खालच्या पत्र्यावर उभी असते. तिला एका पत्र्यावरून दुसऱ्या पत्र्यावर उड्या मारत, वर वर जात, शेवटी उंच पाण्याच्या टाकीवर पोचायचं. मध्ये कावळे येतात, सैल झालेले पत्रे खाली बसतात, कुणीतरी वरून बादली ओततं. एका हातानं बाणाचं बटण दाबलं की शेळी चालते. दुसऱ्या हातानं खालचं लांबोडकं बटण दाबलं की उडी मारते. एवढंच.

पहिले दोन पत्रे जमले. तिसऱ्यावर मी पडले. परत केलं, परत पडले. शेळी उडायची, पलीकडे पोचायची, आणि पाय टेकले की मी न सांगता पुन्हा उडायची ती थेट गटारात. नात मागून बघत होती. तिचा एक पाय सारखा हलत होता. लहानपणापासून ती सवय आहे तिला.

ती म्हणाली, "आजी, उडी मारली की बोट उचल ना. तू दाबून धरतेस."

मी धरते हे मलाच माहीत नव्हतं. माझ्या हातांना माहीत होतं. भोसरीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी अनेक वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून घडवायच्या मशीनवर होते. गाडीच्या दाराला लागणाऱ्या क्लिपा निघायच्या. त्या मशीनला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, मुद्दाम लांब ठेवलेली. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येताना दोन्ही हात बटणांवर असतात, त्याच्याखाली नसतात. आणि तो खाली येऊन परत वर जाईपर्यंत दोन्ही दाबून धरायची. एक हात जरी आधी सुटला तरी मशीन मध्येच थांबतं, पट्टी वाकडी होते आणि सुपरवायझर येऊन आईबापांची आठवण काढतो. आमच्यातल्या ज्या बाईनं हे अंगात भिनवून घेतलं, तिची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. माझी आहेत.

त्यामुळे माझे हात दोन्ही बटणं एकदम दाबत होते आणि काम पुरं झाल्याशिवाय सोडत नव्हते. नातीचं म्हणणं, असं कुणीच खेळत नाही, सगळे टिचकी मारतात. मी म्हटलं, मी खेळते. ती म्हणाली, तुझ्यासाठी गेम नाही बदलता येणार. मी म्हटलं, बदल असं म्हटलंय कुणी, तिथं पडतंय एवढं सांगितलं. तोंड फिरवून ती कपाट आणि मशीनच्या फटीत जाऊन बसली.

मला वाटलं होतं दोन दिवसांत बघून हातावेगळं करीन. तसं झालं नाही. सकाळी सगळे गेले की हात त्या लॅपटॉपकडे जायचा. चहा ठेवायचा, तेवढ्यात एकदा खेळायचं, पडायचं, चहा उतू. गॅलरीत जायचं, आणि तिथून समोरच्या चाळीचे पत्रे दिसले की मन मोजमाप करायला लागायचं, इथून तिथं शेळी पोचेल का. चिडचिड व्हायची. एका ठोकळ्यांच्या शेळीनं मला घरात येरझाऱ्या घालायला लावल्या. तिसरा पत्रा ओलांडला त्या दिवशी मी डावा हात पदराखाली दाबून ठेवला आणि एकाच हातानं दोन्ही बटणं आळीपाळीनं मारली. लबाडीच ती. पण पुढचं बघायचं होतं.

पुढचं बघितलं, म्हणून काय चांगलं नि काय वाईट ते सांगू शकते.

आवाज उत्तम होते. पत्र्यावर शेळीचे खूर वाजतात तो आवाज तिनं आमच्याच न्हाणीच्या पत्र्यावर चमच्यानं वाजवून घेतलाय. गंजका पत्रा वेगळा वाजतो, नवा वेगळा. डोळे मिटूनसुद्धा पाय कुठं पडला ते कळतं. कुकरची शिट्टी आहे, ती आमच्याच कुकरची, अर्धवट वाजून थांबणारी. हे कुणा पैसेवाल्याला सुचलं नसतं, त्यानं कुठून तरी विकत आणलं असतं.

पडण्याची शिक्षा मोठी नाही, हेही चांगलं. शेळी गटारात पडते, एकदा बें करते आणि जवळच्याच पत्र्यावर परत उभी राहते. पहिल्यापासून चालायला लावत नाही. माणूस चिडतो पण उठून जात नाही.

वाईट बरंच होतं. अक्षरं एवढी बारीक की मला चष्मा लावूनही भिंग लागलं असतं. कावळा पडद्याच्या बाहेरून येऊन टोच मारतो. तो यायच्या आधी दिसत नाही, आवाजही करत नाही. हा अन्याय आहे. माझी चूक असेल तर मला पाडावं, पण मला कळायची संधीच नसेल तर पाडण्यात काय शहाणपण? मधल्या भागात एकच वस्ती तीनदा येते, नुसता रंग बदलून. तिथं मला दमल्यासारखं झालं. आणि त्या भागातली पिपाणी एवढ्याशा सुरावर गोल गोल फिरते. सून म्हणाली, आत्याबाई, खेळा पण तिचा गळा दाबा.

एक गोष्ट मी वाईटात धरली होती आणि ती माझी चूक होती. मी म्हटलं, शेळी अशी पळत येऊन उडी मारत न्हाई, जागेवर उभी राहून चारी पाय गोळा करते आणि मग उडते. मी माहेरी शेळ्या राखल्यात. नातीनं तसं करून दाखवलं. शेळी अगदी खऱ्यासारखी उडाली आणि खेळायला भयंकर कंटाळवाणं झालं. दर उडीला वाट बघत बसायचं. मी म्हटलं, पहिलीच बरी होती. ती हसली. त्या पंधरवड्यात ती एवढंच हसली असेल.

सगळ्यात वाईट शेवट. सगळी वस्ती चढून शेळी टाकीवर पोचते, आणि तिथं काही नाही. पडद्यावर 'समाप्त' येतं. मी विचारलं, ही वर कशाला चालली होती? नात म्हणाली, वर जायचं हाच गेम असतो. मी म्हटलं, शेळी उगाच चढत न्हाई. पाला दिसला म्हणून चढते, नाहीतर कुत्रं मागं लागलं म्हणून. ती म्हणाली, तिथं काहीतरी ठेवायचं होतं, पण काय ते सुचलं नाही. वेळ नव्हता, पप्पा रोज विचारत होते झालं का झालं का.

तारीख जवळ आली तशी ती जास्त जास्त घाबरी व्हायला लागली. नखं खायची. एका दुपारी ती माझ्या खुर्चीजवळ खाली येऊन बसली आणि माझं गुडघ्याचं तेल हातात घेतलं. मी म्हटलं, तेल सकाळी लावून झालंय, काय पाहिजे ते बोल.

"पप्पांना फक्त चांगला आहे म्हण. बाकीचं मी नंतर दुरुस्त करते. त्यांना कुठं कळणार आहे?"

"मला कळतंय की."

"आजी, तू नाही म्हणालीस तर मी त्या ऑफिसात जाऊन काय करू? मला तिथं बसवणार नाही गं."

"मग तिथं उभी रहा," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं असं सुनेनं नंतर सांगितलं. नात तेलाची बाटली ठेवून उठली आणि माझ्याशी बोलायची थांबली. जेवणाचं ताट पुढं करायची, गोळ्या द्यायची, पण एक शब्द नाही. आमच्या घरात दोन खोल्या. तिथं न बोलणं म्हणजे मोठं काम असतं.

मी तिला नाही म्हणाले ते हट्टानं नव्हे. एकदा मी कच्च्या वस्तूला चांगली म्हटलं की पुढं मी कशालाही काहीही म्हटलं तरी त्याला किंमत नाही. आणि मुलाला फसवलं तर तो त्या गेमवर तिचं वर्ष घालवू देणार, तेही खोट्यावर. पण वाईट म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. वाईट वस्तूनं मला इतकं नादी लावलं नसतं. या दोन शब्दांच्या मध्ये मी अडकले होते आणि मुलाला दोनच शब्द पाहिजे होते. त्या दिवसांत मी गॅलरीत एवढ्या फेऱ्या मारल्या की गॅरेजवाल्या पठाणानं खालून विचारलं, अम्मा, काय हरवलंय का?

रविवारी मुलगा घरी होता. जेवून झाल्यावर म्हणाला, बोल आई. नात आतल्या खोलीच्या दारात उभी. मी म्हटलं, आधी तू खेळ. तो म्हणाला, मला कशाला, तूच सांग. मी म्हटलं, न बघता तू कंपनीत माल पास करतोस का?

तो खाली बसला, लॅपटॉप ओढला. पहिला पत्रा, दुसरा पत्रा. तिसऱ्यावर शेळी उडाली, पोचली, पुन्हा उडाली आणि गटारात गेली. त्यानं परत केलं. परत गटारात. मी त्याच्या हातांकडे बघत होते. दोन्ही एकदम, आणि दाबून धरलेले. तो दहावीनंतर माझ्याच प्रेस शॉपमध्ये लागला होता, डिप्लोमा त्यानं नंतर केला. मी दाराकडे बघितलं. नातही त्याच्या हातांकडेच बघत होती.

"पप्पा, बोट उचला," ती म्हणाली.

"उचललं की मशीन थांबतं," तो म्हणाला. मान वर न करता म्हणाला. मग स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू आल्यासारखा जरा थांबला, आणि पुन्हा खेळायला लागला. त्याचा चहा गार झाला. सुनेनं तो नेऊन गरम करून आणला, तो पण गार झाला. त्याचा एक पाय हलत होता. लेकीनं ती सवय कुठून घेतली ते मला त्या दिवशी दिसलं.

शेवटी त्यानं लॅपटॉप बाजूला सारला. चिडला होता. म्हणाला, "सांग आता. चांगला का वाईट?"

मी सगळं सांगितलं. खुरांचा आवाज, कावळा, एकच वस्ती तीनदा, बारीक अक्षरं, रिकामी टाकी. नात दारात लाल होत गेली. मुलगा म्हणाला, एवढ्या चुका म्हणजे वाईटच की.

"लाल पेटीत टाकू नको," मी म्हटलं. "पिवळ्या पेटीतला हाय."

हे त्याला उलगडून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे चेकिंगच्या टेबलाशी दोन पेट्या असायच्या, त्याच्या कंपनीत अजून असतात. मोडका, तडा गेलेला माल लाल पेटीत, तो भंगारात जातो. कड किंवा भोक घासायचं राहिलेला माल पिवळ्या पेटीत. तो पुन्हा मशीनवर घ्यायचा असतो. पिवळ्यातला माल कुणी गिऱ्हाइकाला धाडत नाही आणि कुणी फेकतही नाही.

मुलानं गार चहा एका घोटात संपवला. मग लेकीला म्हणाला, "पिवळी पेटी कायमची भरून ठेवायची नसते. शिफ्ट संपायच्या आत मोकळी करायची असते." ती म्हणाली, पावसाळा संपेपर्यंत.  सोमवारी त्यानं चाकणच्या ऑफिसात विचारलं, मुलगी पावसाळ्यानंतर आली तर चालेल का. ते म्हणाले, नाही चालणार. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

म्हणजे माझ्या शब्दानं तिची नोकरी गेली. हे मी गोड करून सांगत नाही. गेम चालला नाही तर तिच्या हातात काही नाही, आणि तेव्हा मुलगा माझ्याकडे बघेल. नातीलाही माझे उपकार वाटले असं नाही. माझ्याशी ती पहिला शब्द बोलली तो हा, "सगळ्यांसमोर एवढं सांगायची गरज होती का?" मी म्हटलं, व्हय. ती आत गेली.

पण ती काम करते आहे. अक्षरं मोठी झाली. कावळा आता येण्याआधी ओरडतो. तीन वस्त्यांपैकी एक काढून टाकली, ती काढताना तिला फार वाईट वाटलं हे मी बघितलं. पिपाणी तशीच आहे. आणि परवा मी तिसऱ्या पत्र्यावर दोन्ही हात दाबून धरले, शेळी पलीकडे पोचली आणि उभी राहिली. मी बटण सोडेपर्यंत हललीच नाही.

मी म्हटलं, हे कुणी सांगितलं होतं तुला करायला?

"तुझ्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. "पप्पांसाठी केलं. ते कंपनीतून आले की रोज पडतात आणि रोज चहा गार करतात."

गुडघा आता बरा आहे, मी कठडा धरून एक जिना उतरते. तरी बसवत नाही. मुलगा आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघते, नात उठली की तिच्या. पाऊस सुरू झालाय, म्हणजे तो संपायचाही आहे. काल ती माझ्यापुढं लॅपटॉप ठेवून म्हणाली, टाकीवर काय ठेवू ते सांग.

मी म्हटलं, ते तुझं काम हाय. आणि खेळायला घेतलं.